गोळी न घेताच गोळी निकामी : आफ्रिकेतल्या खेड्यांचा इशारा आणि आपलं बारामती-इंदापूर

ज्या माणसाने औषधाची एक गोळीही कधी घेतली नाही, त्याच्या अंगातला रोग औषधाला दाद देत नाही, असं कसं होऊ शकतं? प्रश्न विचित्र वाटेल, पण आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत डॉक्टरांना तो कित्येक वर्षं छळतो आहे. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नताल नावाचा प्रांत आहे. तिथल्या ग्रामीण भागात लोकांच्या रक्ताची पाहणी झाली, तेव्हा २०१० ते २०१२ या दोनच वर्षांत औषधाला दाद न देणारा एचआयव्ही वाढत गेलेला दिसला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठा अहवाल काढला. पाहणी झालेल्या ३० देशांपैकी २१ देशांत, नव्याने उपचाराला आलेल्या दर शंभर माणसांत दहाहून जास्त जणांवर नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ या जुन्या, स्वस्त औषधांचा उपयोग होणार नव्हता. त्याच अहवालात लहान बाळांचा आकडा आहे. आफ्रिकेतल्या दहा देशांत नव्याने निदान झालेल्या तान्ह्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्या बाळांना ही औषधं लागू पडणार नव्हती. निम्म्या! त्या बाळांनी काय केलं होतं?

आफ्रिका लांब आहे, आपलं काय, असं कुणी म्हणेल. पण दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचा जो प्रकार पसरला, तोच 'सी' प्रकार आपल्या देशातही सगळ्यांत जास्त आहे. तिथले लोक ज्या गोळ्या घेतात, त्यांतल्या बऱ्याचशा भारतातच बनतात. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी ३ लाख ९४ हजार एकट्या महाराष्ट्रात. राज्यांत पहिला नंबर आपला. पुणे जिल्हा त्यातही वरच्या जिल्ह्यांत. म्हणजे बारामती-इंदापूरच्या कुठल्याही मोठ्या मोहल्ल्यात, कुठल्याही आळीत हा विषय आहे. फक्त त्याचं नाव कुणी घेत नाही.

आधी हे घडतं कसं ते बघू. इंदापूरच्या द्राक्षबागायतदाराला ते समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. डाऊनी आली आणि फवारणी अर्धवट झाली, मात्रा कमी पडली किंवा मधले दिवस चुकले, की जी बुरशी वाचते ती त्या औषधाला सरावलेली असते. पुढच्या वर्षी तेच औषध दुप्पट मारलं तरी ती हटत नाही. आणि ती शेजारच्या बागेत गेली, तर शेजाऱ्याने ते औषध कधी वापरलं नसलं तरी त्याच्याकडेही ते चालत नाही. एचआयव्हीचं असंच आहे. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना फार चुका करतो. रोज अशा असंख्य चुकीच्या नकला तयार होतात. पूर्ण औषध रक्तात असेल तर त्यांना वाढायला जागाच मिळत नाही. औषधात खंड पडला, की ज्या नकलेला त्या औषधाचं काही वाटत नाही ती पुढे जाते.

नेव्हिरापिन-एफाव्हिरेन्झची गोष्ट जास्त अवघड होती. विषाणूत एकच बदल झाला तरी ही औषधं निकामी होतात. त्यात ती रक्तात बरेच दिवस रेंगाळतात. म्हणजे तीन औषधं एकदम बंद केली, की बाकीची निघून जातात आणि हे एकटंच मागे राहतं. एकट्या औषधाशी लढायला विषाणूला सोपं जातं. बाळंतपणाच्या वेळी आईला नेव्हिरापिनचा एक डोस आणि बाळाला एक डोस, ही पद्धत आफ्रिकेत होती, आपल्याकडेही २०१४ च्या सुमारापर्यंत होती. त्या एका डोसाने असंख्य बाळं वाचली, हे विसरून चालणार नाही. पण जी वाचली नाहीत, त्यांच्यात दाद न देणारा विषाणू मागे राहिला.

'औषध न घेतलेले' म्हणून नोंद झालेल्यांत आणखी एक गट असतो. पूर्वी कधीतरी दुसऱ्या गावी गोळी सुरू केलेली, मग सोडलेली, आणि आता नवीन केस म्हणून नाव लावलेली माणसं. ते मागचं सांगत नाहीत. सांगितलं तर डॉक्टर रागावतील ही भीती, किंवा जुन्या गावाचं नाव निघालं तर ओळख निघेल ही भीती. जागतिक पाहण्यांमध्ये अशा लोकांत औषध न चालण्याचं प्रमाण खरोखर नव्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त सापडलं आहे. ही भीती आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

इथे आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगायलाच हवी. बारामतीहून दौंडकडे जाताना सोलापूर हायवेवर कुरकुंभची एमआयडीसी लागते. तिथे सिप्ला कंपनीचा कारखाना आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत ही कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये साऱ्या जगाला धक्का दिला. एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षभराचा खर्च तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. डॉ. हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तोच इलाज वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एक डॉलरही नाही. तिन्ही औषधं एका गोळीत बसवली. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे हे शक्य झालं. परदेशी कंपन्यांनी आरडाओरड केली, पण आफ्रिकेत जी माणसं मरणार होती ती जगू लागली. आपल्या मुलांना शाळेत ज्या थोरांची नावं शिकवली जातात त्यांत हे नाव नसतं, याची आम्हाला खंत आहे.

पण त्या स्वस्त गोळीत नेव्हिरापिन होतं. आणि जे पुढे झालं त्यात गोळीचा दोष नव्हता. गोळी पोचली, तपासणी मागे राहिली. रक्तात विषाणू किती उरला हे सांगणारी 'व्हायरल लोड' नावाची तपासणी असते. ती महाग होती, मशिन लागायचं, खेड्यात कुठून येणार? त्यामुळे ज्यांच्यावर औषधाचा परिणाम थांबला होता, ते महिनोन्महिने, वर्षानुवर्षं तीच गोळी घेत राहिले. बाहेरून माणूस ठीक दिसायचा. आत दाद न देणारा विषाणू वाढत होता आणि दुसऱ्याला लागत होता. आपल्या देशात १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी उपचार सुरू झाले. सर्व रुग्णांची व्हायरल लोड तपासणी करायचं धोरण आलं २०१८ मध्ये. मधली चौदा वर्षं ही तपासणी सरसकट नव्हती, जिथे शंका आली तिथेच व्हायची. उपचार पोचवण्यात आपण जगात पुढे होतो, आणि त्याच वेळी या बाबतीत आफ्रिकेच्याच रांगेत उभे होतो.

आता काळ बदलला आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोलुटेग्राविर हे औषध पहिल्या पसंतीचं ठरवलं. आपल्याकडेही सध्याच्या राष्ट्रीय सूचनांप्रमाणे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर यांची मिळून दिवसाला एकच गोळी असते, जिला केंद्रावर 'टीएलडी' म्हणतात. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. या औषधाला सरावणं विषाणूला फार जड जातं, म्हणून डॉक्टर मंडळी निर्धास्त होती. मार्च २०२४ मध्ये संघटनेने नवा अहवाल काढला, त्यात मात्र इशारा आहे. चार पाहण्यांमध्ये डोलुटेग्राविरला दाद न देणारा विषाणू ३.९ ते ८.६ टक्के लोकांत सापडला. आणि रक्तात विषाणू जास्त असतानाच ज्यांना जुन्या औषधावरून या गोळीवर आणलं गेलं, त्यांच्यात हा आकडा १९.६ टक्क्यांपर्यंत गेला. प्रयोगांमध्ये एवढं कधी दिसलं नव्हतं. ही गोळी गेली तर पुढचं जे आहे ते जास्त महाग, जास्त गोळ्यांचं, आणि खेड्यात मिळायला जास्त कठीण.

म्हणून बारामती आणि इंदापूर तालुक्यांत खंड कुठे पडतो, हे बघायला हवं.

नोव्हेंबरच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, नीरा-भीमा असे एवढे कारखाने या दोन तालुक्यांत. बीड, नगर, जालन्याकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने फडाशेजारी कोप्या करून राहतात. त्यांत कुणी एचआयव्हीची गोळी घेत असेल तर त्याचं केंद्र दोनशे किलोमीटर मागे राहिलेलं असतं. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जातात. गोळी आणायला गावी जायचं कसं, आणि मुकादमाला काय सांगायचं? खरं तर कार्ड दाखवलं की दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातूनही तात्पुरती गोळी मिळण्याची सोय आहे. पण हे त्या माणसाला निघताना कुणी सांगितलं का? आणि सांगितलं तरी कोप्यांच्या वस्तीत डबी ठेवायची कुठे, जिथे एकाचं सगळं सगळ्यांना दिसतं?

ऊसतोड आपल्या घरात नाही, म्हणून हे वाचून सोडून देऊ नये. आपल्यातले बागवान फळांचा माल घेऊन लांबच्या मार्केटला जातात. ड्रायव्हर आहेत, हायवेच्या गॅरेजमध्ये काम करणारी पोरं आहेत, भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत ढाबे आहेत. आठ-दहा दिवस घराबाहेर राहणारा माणूस गोळीची डबी बरोबर नेतो का? क्लीनरसमोर गोळी खातो का? नेत नाही, खात नाही. घरी आल्यावर परत सुरू करतो. त्याला वाटतं, चार दिवसांनी काय होतंय.

आणि गल्फ. हा विषय आपल्याकडे फार जपून बोलला जातो. सौदी, कुवेत, दुबईला कामाला जायचं तर मेडिकल द्यावं लागतं, आणि त्यात एचआयव्ही निघाला की 'अनफिट' असा शिक्का बसतो. पुष्कळ घरांत आजाराची पहिली बातमी अशीच येते, एजंटच्या फोनवर. कर्ज काढून पैसे भरलेले असतात. मग ती बातमी घरातच गाडली जाते, "मेडिकलमध्ये काविळ निघाली" असं सांगितलं जातं. मुलगा तपासणीला जात नाही, गोळी सुरू होत नाही, आणि वर्षभरात त्याचं लग्न लावलं जातं. लग्न केलं की सगळं ठीक होईल, ही समजूत अजून आहे. त्या मुलीचा यात काय गुन्हा? हे आम्ही इथे थोडं कडक बोलतोय, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. बातमी लपवून निकाह लावणं हा त्या मुलीशी धोका आहे, इज्जत वाचवणं नाही. मुलाने खरं सांगितलं, गोळी सुरू केली, आणि रक्तात विषाणू सापडणार नाही इतका दबला आणि दबलेलाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही, हे आज पक्कं सिद्ध झालेलं आहे. म्हणजे खरं बोलून संसार होऊ शकतो. लपवून होतो तो संसार किती दिवस?

आम्ही शिक्षक असल्यामुळे मुलांचं थोडं जास्त सांगतो. जन्मतःच एचआयव्ही असलेली मुलं आता शाळा-कॉलेजात आहेत. गोळीमुळे ती जगली, वाढली. सगळ्यांत नाजूक वय तेरा ते अठरा. आम्ही ज्या मुलाबद्दल सांगतोय त्याचं गाव, वर्ग, सगळं बदललेलं आहे, आणि त्याच्या दादीच्या परवानगीने सांगतोय. आई-वडील नाहीत, दादीने वाढवलेला. महिन्यातला एक दिवस तो ठरावीक गैरहजर. "दादीचं बँकेचं काम" अशी चिठ्ठी. तालुक्याचं केंद्र जवळ असूनही दादी त्याला लांबच्या शहरात न्यायची, कारण इथल्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडायची, आणि पाऊस असला की जाणं राहून जायचं. मुलाला सांगितलं होतं, ताकदीच्या गोळ्या आहेत. आठवीत तो कबड्डीच्या टीममध्ये आला, तब्येत चांगली झाली, आणि त्याने स्वतःच ठरवलं की आता ताकद आहे, गोळी कशाला? चार महिने तो गोळ्या खिडकीतून फेकत होता. तपासणीत व्हायरल लोड वर गेलेला निघाला तेव्हा दादी शाळेत आली. "सर, उसको बोली नहीं मैं. बोलूँ तो कैसे बोलूँ?"

कसं बोलायचं याची पद्धत आहे. केंद्रावर समुपदेशक असतात, ते मुलाच्या वयाप्रमाणे थोडं थोडं सांगतात. आधी एवढंच, की तुझ्या रक्तात एक जंतू आहे आणि गोळी त्याला झोपवून ठेवते. नाव नंतर. दादी आणि मुलगा दोघं तीन वेळा जाऊन बसले. तो रडला, आठ दिवस बोलला नाही, मग गोळी सुरू केली. काही महिन्यांनी तपासणी परत झाली, विषाणू दबलेला निघाला. नशीब चांगलं, गोळी अजून लागू पडत होती. जुन्या औषधांच्या काळात चार महिन्यांचा असा खंड महागात पडला असता.

अशा घरांनी हेही लक्षात ठेवावं, की मुलाचा आजार शाळेला सांगणं घरच्यांवर बंधनकारक नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही, शाळेतून, नोकरीतून, भाड्याच्या घरातून या कारणाने काढता येत नाही. कायदा चांगला आहे. पण दादी लांबच्या शहरात जात होती ती कायद्याला घाबरून नाही. ती आपल्याला घाबरून जात होती. चौकात बसून कोण कुठल्या खिडकीवर उभं होतं याची चर्चा करणाऱ्या आपल्याला. गैबत हा गुन्हा आहे असं जुम्म्याच्या बयानात आपण किती वेळा ऐकतो. पण एखाद्याच्या आजाराची गैबत त्याची गोळी बंद पाडते, आणि ती बंद पडलेली गोळी उद्या तिसऱ्याच घरातल्या, एकही गोळी न घेतलेल्या माणसाला नडते, हा धागा बयानात क्वचितच येतो. इमाम साहेबांनी तो जोडावा, अशी आमची विनंती आहे. इलाज करून घेणं दीनच्या विरोधात नाही, हे तर ते सांगतातच.

सगळा दोष मोहल्ल्यावर टाकणंही बरोबर नाही. जुलै २०२२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या ऑफिससमोर रुग्ण धरणं धरून बसले होते, महिनाभराहून जास्त. कारण काय, तर केंद्रांवर औषधांचा तुटवडा, आणि महिन्याच्या ऐवजी थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्या हातात. रोज गोळी घ्या म्हणून सांगणाऱ्यानेच गोळी दिली नाही तर? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी संस्थांचे दवाखाने बंद पडले. आपल्याकडे गोळीचा पैसा केंद्र सरकारच्या तिजोरीतून येतो, ही मोठीच गोष्ट. पण पैसा आपला असूनही टेंडर लांबलं, माल वेळेवर आला नाही, तर खंड तो खंडच. तो रुग्णाच्या नावावर 'गोळी चुकवली' म्हणून लिहिला जाऊ नये. आणि कुठल्या तालुक्यात किती लोकांचा उपचार सुटला, किती जणांची वर्षाची तपासणी झाली, हे आकडे तालुकावार लोकांसमोर यायला हवेत. एवढे कारखाने, एवढे ट्रस्ट, एवढे पुढारी आहेत या दोन तालुक्यांत. कारखान्यांनी हंगामाच्या सुरुवातीला टोळ्यांसाठी आरोग्य तपासणी ठेवली आणि तिथेच गोळीच्या बदलीची सोय केली, तर खर्च कितीसा येतो?

रमजानमध्ये एक प्रश्न हमखास येतो, म्हणून तेवढं सांगून थांबतो. टीएलडी दिवसातून एकदाच घ्यायची असते, त्यामुळे रोजा ठेवणाऱ्याला ती इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. वेळ बदलायची असेल तर रमजानच्या आधीच केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावं, आपल्या मनाने महिनाभर बंद ठेवू नये. इफ्तारला तळलेलं खाऊन जळजळ होते म्हणून घेतलेलं अँटासिड या गोळीचा असर कमी करतं. त्यामुळे गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं. टीबीचं औषध चालू असेल तर डोलुटेग्राविरचा डोस वाढवावा लागतो, ते लपवून ठेवू नये. तब्येत खरोखर नाजूक असेल तर रोज्याबाबत आजारी माणसाला सवलत आहे, ते आपल्या आलिमांना विचारावं. ईदला गावी जाताना आठवड्याच्या जादा गोळ्या आधीच मागून घ्याव्यात. गल्फमधून किंवा लांबून परत आलेल्याने पूर्वी कुठली गोळी घेतली होती ते डॉक्टरांना खरं सांगावं, कारण पुढचं औषध त्यावर ठरतं. ईद-ए-मिलादच्या शिबिरात रक्त दिल्यावर रक्तपेढीने परत बोलावलं तर जावं. आणि कुणाला तोंड दाखवून विचारायची लाज वाटत असेल, तर १०९७ या नंबरवर फोन फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही.